कॅरो-कानचं 'बोअरिंग' एक्स्चेंज: सगळं इक्वल असताना हरणाऱ्या एका बुद्धिबळ खेळाडूची केस

पार्श्वभूमी

ही केस एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूची आहे. नाव, गाव, बँक काही सांगत नाही, तशी परवानगी घेताना त्यांनीच अट घातली होती. मी त्यांना शिकवतो म्हणून ते मला सर म्हणतात आणि ते वयानं मोठे म्हणून मी त्यांना सर म्हणतो, त्यामुळे आमचं बोलणं बाहेरून ऐकणाऱ्याला विनोदी वाटतं. इथे आपण त्यांना बँकवाले सर म्हणू.

रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, सोळाशेच्या आसपास. कॉलेजात खेळायचे, मग नोकरी-संसारात पट माळ्यावर गेला, आणि लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन ब्लिट्झ खेळता खेळता परत किडा चावला. आता शनिवार-रविवारच्या स्पर्धा खेळतात. त्यांची ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली: पांढऱ्याकडून डी४ आणि क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंज, काळ्याकडून ई४ ला कॅरो-कान. ही निवड मला आवडते, कारण ज्याला रोज दोन तास अभ्यास शक्य नाही त्याला नायडॉर्फ-बिडॉर्फसारखी पाठांतराची ओपनिंग शिकवणं म्हणजे छळ आहे.

कॅरो-कान म्हणजे १. ई४ सी६ २. डी४ डी५. (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची.) होरेशियो कॅरो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ साली याचं विश्लेषण छापलं म्हणून हे नाव. याचं मोठं आकर्षण काय, तर सी८ चा उंट ई६ खेळायच्या आधी बाहेर काढता येतो, फ्रेंच ओपनिंगसारखा आत कोंडून राहत नाही. सरांनी अडव्हान्स म्हणजे ३. ई५ ला उंट एफ५, आणि क्लासिकल म्हणजे ३. घोडा सी३ ला प्यादं घेऊन मग उंट एफ५, हे दोन्ही नीट केलं होतं. वहीत पानंच्या पानं. एक्स्चेंजला मात्र, म्हणजे ३. ई घेतो डी५, सी घेतो डी५, याला वहीत जेमतेम दोन ओळी होत्या आणि शेवटी लिहिलं होतं, "इक्वल. टेन्शन नाही."

अडचण

टेन्शन तिथूनच आलं. आपल्याकडच्या खुल्या स्पर्धांत मोठ्या माणसासमोर निम्म्या वेळा बारा-तेरा वर्षांचं पोर बसलेलं असतं आणि त्या पोराला त्याच्या कोचनं सांगितलेलं असतं की कॅरो-कान आला की सरळ डी५ वर प्याद्यांची मारामारी कर, मग उंट डी३, सी३, उंट एफ४, वजीर बी३, बाकी थिअरी नको. पाठ करायला सोपं, पांढऱ्याला धोका कमी. सर या लाइनमध्ये लागोपाठ हरत होते आणि हरल्यावर इंजिन (डाव तपासणारा प्रोग्राम) लावलं की चौदाव्या-पंधराव्या चालीपर्यंत शून्य पूर्णांक काहीतरी. म्हणजे ओपनिंगमधून बाहेर पडताना काहीच चुकलेलं नाही! हीच गोष्ट त्यांना जास्त खात होती. "सर, चूक सापडली तर सुधारीन ना, इथे चूकच नाहीये" असं त्यांचं म्हणणं.

हरलेले डाव मी मागवून घेतले. त्यातले तीन इथे कामाचे आहेत. सुरुवात तिन्हींत जवळपास एकच.

३. ई घेतो डी५, सी घेतो डी५ ४. उंट डी३ घोडा सी६ ५. सी३ घोडा एफ६ ६. उंट एफ४ उंट जी४ ७. वजीर बी३.

इथे थोडं थांबू, कारण पांढऱ्याच्या या चाली दिसतात तितक्या मठ्ठ नाहीत. उंट डी३ मुळे एफ५ चं घर बंद झालं, म्हणजे कॅरो-कानवाल्याचं लाडकं घरच काढून घेतलं. सी३ नं डी४ पक्कं केलं, उंट एफ४ नं ई५ वर नजर ठेवली म्हणजे काळ्याला ई५ ढकलून मोकळं होता येणार नाही. मग काळ्यानं उंट जी४ ला काढला की बी७ उघडं पडतं, लगेच वजीर बी३. प्रत्येक चालीला एक काम आहे.

पहिल्या डावात सर ७. वजीर डी७ खेळले, मग ८. घोडा डी२ ई६ ९. जी१ चा घोडा एफ३, उंटानं एफ३ मारला १०. घोड्यानं परत मारलं, उंट डी६ ११. उंट घेतो डी६, वजीर घेतो डी६ १२. दोघांचं कॅसलिंग १३. ए१ चा हत्ती ई१. इथपर्यंत सगळं पुस्तकी आहे. मग सरांनी ई५ ढकलायचं म्हणून एफ८ चा हत्ती ई८ ला आणला, पांढऱ्यानं घोडा ई५ ला टाकला, सरांना तो घोडा बघवेना आणि त्यांनी सी६ च्या घोड्यानं तो मारला. डी४ च्या प्याद्यानं परत मारलं आणि ते प्यादं ई५ वर बसून एकाच वेळी डी६ चा वजीर आणि एफ६ चा घोडा दोघांवर. पीस (एक मोहरा) गेला. वजिरानं ते प्यादं खावं तर मागे ई१ ला हत्ती. खल्लास.

दुसऱ्या डावात त्यांनी तो घोडा खाल्ला नाही, पण दुसरं काय करायचं तेही माहीत नव्हतं. हत्ती सी८, मग ए६, मग एच६, मग दुसरा हत्ती डी८. चार चाली, चारी दिसायला बऱ्या, एकीलाही अर्थ नाही. तोवर समोरच्या मुलीनं एफ४, हत्ती एफ३, हत्ती एच३, जी४, जी५ केलं आणि राजाचं घर उघडं पाडलं.

तिसऱ्यात सरांनी लाइन बदलली. कुठल्याशा व्हिडिओत बघून ७. घोडा ए५ खेळले. ८. वजीर ए४ शह, उंट डी७ ९. वजीर सी२. आता गंमत बघा, जी४ चा उंट परत डी७ ला आला, घोडा पटाच्या कडेला, आणि पांढऱ्याचा वजीर आरामात सी२ ला. हा तोच क्रम आहे ज्यात १९७० ला बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग या मॅचमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिशरनं पेट्रोस्यानला हरवलं होतं. पेट्रोस्यान म्हणजे १९६३ ते १९६९ वर्ल्ड चॅम्पियन, बचावातला बाप माणूस, तोसुद्धा तिथे गुदमरला. फिशरनं ११ वी चाल ए४ खेळून काळ्याला उंट बी५ नं पांढऱ्या घरांचे उंट बदलूच दिले नाहीत, मग घोडा ई५, एफ४, एफ५. लाइन वाईट आहे असं नाही, पण ती खेळायला त्या पोझिशनची समज लागते. सर त्या घोड्याला कडेवर नेऊन परत सी६ ला आणत बसले आणि घड्याळातला वेळ संपून हरले.

खरी अडचण कुठे होती

माझं मत असं झालं की सरांना चाली येत होत्या, पोझिशन येत नव्हती. बाराव्या चालीनंतर काय, याचं उत्तर वहीत नव्हतं आणि 'इक्वल' हे काही उत्तर नाही. इक्वल म्हणजे दोघांनाही खेळायला काहीतरी आहे, आणि ज्याला आपलं काय ते माहीत आहे तो जिंकतो.

म्हणून मी एक प्रयोग केला. पटावरून सगळे मोहरे काढले, फक्त प्यादी ठेवली. पांढऱ्याची ए२, बी२, सी३, डी४, एफ२, जी२, एच२. काळ्याची ए७, बी७, डी५, ई६, एफ७, जी७, एच७. मग पट गोल फिरवला आणि विचारलं, सर, हे कुठे बघितलंय?

दोनेक मिनिटं गप्प. मग म्हणाले, "हे तर माझंच आहे. क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंज."

बरोबर तेच. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी घेतो डी५, ई घेतो डी५, आणि पुढे काळ्यानं सी६, पांढऱ्यानं ई३ केलं की प्याद्यांचा जो सांगाडा तयार होतो त्याला कार्ल्सबाड स्ट्रक्चर म्हणतात, कार्ल्सबाडच्या जुन्या स्पर्धांवरून. कॅरो-कान एक्स्चेंज हा त्याचाच आरसा आहे, फक्त रंग उलटे. आणि सर हा सांगाडा पांढऱ्याकडून कित्येक वर्षं खेळत होते, मायनॉरिटी अटॅक कसा करायचा हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील, बी४, बी५, सी६ वर मारा. पण तीच गोष्ट काळ्या बाजूनं आली की त्यांना ओळखूच येत नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची ए, बी, सी अशी तीन प्यादी आहेत, काळ्याची ए आणि बी अशी दोनच. मग दोनवाल्यानं तीनवाल्यावर चाल करून जायचं, हे उफराटं वाटतं. पण बी प्यादं पुढे नेऊन सी३ वर आपटलं की मारामारीनंतर पांढऱ्याकडे एक कमजोर प्यादं उरतं, सी३ ला मागासलेलं किंवा डी४ ला एकटं, आणि सी फाइल (उभी रांग) काळ्यासाठी आधीच अर्धी उघडी आहे, म्हणजे तिथे त्याचं स्वतःचं प्यादं नाही, हत्तीला निशाणा आयता मिळतो. पांढऱ्याची ई फाइल अर्धी उघडी, त्याला ई५ वर घोडा बसवून राजावर जायचंय. म्हणजे ही शर्यत आहे, काळा डावीकडे, पांढरा उजवीकडे. बोअरिंग वगैरे काही नाही.

पर्याय

आता सातव्या चालीला काय खेळायचं हा पहिला निर्णय. आमच्यासमोर जे होतं ते असं.

घोडा ए५ हा पर्याय लगेच बाजूला ठेवला. सैद्धांतिकदृष्ट्या खेळता येतो, पण उंट डी७ ला परत जातो आणि जो उंट बाहेर काढण्यासाठी माणूस कॅरो-कान खेळतो तोच आत आला तर मग कशाला.

वजीर सी८ हा चांगला पर्याय. बी७ सांभाळलं जातं, मग ई६, उंट ई७, कॅसलिंग, आणि पुढे उंट एच५ वरून जी६ ला नेऊन पांढऱ्याचा डी३ चा उंट बदलायचा. पांढऱ्याचा तोच उंट सगळ्यात त्रासदायक असल्यामुळे कल्पना एक नंबर. पण सी८ चा वजीर हत्तींच्या मधे येतो आणि चालींचा क्रम सांभाळावा लागतो. सरांना अशा बारीक क्रमाच्या लाइन लक्षात राहत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं.

पाचव्या चालीलाच वजीर सी७ खेळून उंट एफ४ रोखायचा, हा तिसरा. मला वैयक्तिक आवडतो, पण तिथून येणारी पोझिशन वेगळी, आणि आमचा मुद्दा ओळखीच्या सांगाड्यात जायचा होता.

ओपनिंगच बदला हा चौथा पर्याय, जो सरांनी स्वतःच मांडला, "ई४ ला ई५ सुरू करू का?" मी म्हटलं सर, अडचण एका पोझिशनची आहे, तुम्ही घर बदलताय.

शेवटी वजीर डी७ च ठेवला, म्हणजे ज्या लाइनमध्ये पीस गमावला होता तीच. कारणं दोन. एक, ९ व्या चालीला जी४ चा उंट एफ३ च्या घोड्यावर देऊन टाकायचा. काळ्याची मधली प्यादी डी५-ई६ पांढऱ्या घरांवर आहेत म्हणजे हा उंट तसाही फार चांगला नाही, शिवाय थांबलं तर पांढऱ्याचा घोडा ई५ ला येऊन डी७ चा वजीर आणि जी४ चा उंट दोन्हींना एकदम हात घालतो. दुसरं, ११ व्या चालीला काळ्या घरांचे उंट बदलले जातात. मोहरे कमी झाले की पांढऱ्याचा अटॅक पातळ होतो आणि डावीकडची कमजोरी मात्र तशीच राहते. कामावरून दमून आलेल्या माणसाला रविवारी सकाळी खेळायला हे बरं.

एक शंका लगेच येते, ११ व्या चालीनंतर वजीर डी६ ला गेला म्हणजे बी७ वरचा पहारा उठला, मग पांढऱ्यानं बी७ खाल्लं तर? तर हत्ती बी८, आणि आता पांढऱ्या वजिराला ए६ खेरीज धड जागाच नाही. काळा कॅसलिंग करतो, बी२ वर हत्ती टपून बसलेला आहे, एका प्याद्याच्या बदल्यात खेळ मोकळा. सरांना हे ऐकून धडकी भरली होती पण चार-पाच वेळा खेळून बघितल्यावर भीती गेली.

तयारी

इंजिन बंद. हा माझा हट्ट. तेराव्या चालीची पोझिशन लावायची आणि आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी खेळायचं. इंजिन त्या पोझिशनला शून्य दाखवतं आणि शून्य बघितलं की माणसाचा विचार थांबतो.

यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो ई५ च्या घोड्यावर. सर त्या घोड्याला घाबरत होते आणि घाबरण्यासारखा तो आहेच, पहिल्या डावात बघितलं तसं वजीर डी६ आणि घोडा एफ६ असताना तो खाताच येत नाही, फोर्क बसतो. पण प्रश्न उलटा विचारायला पाहिजे की तो घोडा एफ३ वरून निघाला तेव्हा त्यानं काय सोडलं? त्यानं डी४ सोडलं. आता डी४ ला फक्त सी३ चं प्यादं धरून आहे. आणि काळ्याची सगळी योजना कोणावर आहे, सी३ वर! बी प्यादं बी४ ला आलं आणि पांढऱ्यानं ते सी प्याद्यानं खाल्लं की घोडा घेतो डी४ आणि त्याच घोड्याचा मारा बी३ च्या वजिरावर. म्हणजे टेम्पोसकट (चाल वाया न घालवता) प्यादं. हे दिसल्यावर सर एकदम बँकेच्या भाषेत बोलले, "म्हणजे गाडी मोठी घेतलीय, पण हप्ता डी४ भरतंय." यापेक्षा चांगलं मी सांगू शकलो नसतो.

दुसरी गाठ बी५ ची. तेराव्या चालीला काळ्याचा हत्ती बी८, मग १४. घोडा ई५ बी५ अशी आमची लाइन, आणि यात बी५ चं प्यादं बघताक्षणी फुकट वाटतं, पांढऱ्याचा उंट डी३ वरून आणि वजीर बी३ वरून, दोघं त्याच्यावर, आणि सांभाळायला एकटा हत्ती. सर ही चाल खेळायलाच तयार होईनात. मग बसून मोजलं. वजिरानं खाल्लं तर हत्ती वजीर खातो. उंटानं खाल्लं तर काळा शांतपणे ए६ खेळतो, आणि आता उंट अडकला, कारण तो हलला की मागचा वजीर बी८ च्या हत्तीच्या तोंडात. मधेच घोड्यानं सी६ मारला तर हत्ती बी५ चा उंट खातो, वजिरावर मारा आहेच, सी६ चा घोडाही जातो, पांढऱ्याचा अख्खा पीस कमी. वजीर ए४ ला सरकवला तरी हत्ती बी५ खातोच. हे सगळं सरांनी पटावर हातानं हलवून बघितलं, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरंच झालं.

तिसरी छोटी गोष्ट, जी६. आपल्याला शिकवलेलं असतं की राजापुढची प्यादी हलवू नका, काळी घरं ढिली पडतात. पण ११ व्या चालीला पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट पटावरून गेलेला आहे. मग एफ६-एच६ च्या भोकांत येणार कोण? जी६ खेळलं की डी३ च्या उंटाची एच७ कडची वाट बंद, वर सी६ चा घोडा ई७ वरून एफ५ ला जायला मोकळा. फक्त क्रमाचं भान हवं, सी६ चा घोडा तिथे असताना डी६ चा वजीर कुठे भटकला तर ई५ चा घोडा सी६ फुकट खातो.

प्रत्यक्ष डाव

दोनेक महिन्यांनी एका क्लासिकल (म्हणजे लांब वेळेच्या डावांच्या) स्पर्धेत हीच लाइन आली, समोर कॉलेजचा मुलगा, रेटिंग सरांपेक्षा थोडं जास्त. तेराव्या चालीपर्यंत दोघंही भराभर खेळले. १३. हत्ती बी८ १४. घोडा ई५. इथे सरांनी वीस मिनिटं घेतली. नंतर विचारलं तर म्हणाले, बी५ खेळायचं हे माहीत होतं पण हात धजत नव्हता, सगळं परत एकदा मोजलं. माझ्या मते हा खर्च योग्य होता. पाठ आहे म्हणून धाडकन खेळण्यापेक्षा एकदा स्वतः मोजलेलं पुढच्या चालींना उपयोगी पडतं.

१४. बी५ १५. एफ४ बी४. समोरचा मुलगा इथे प्रथम विचारात पडला. सी प्याद्यानं खाता येत नाही हे त्याला दिसलं. वजीर बी३ वर ठेवून जाऊ दिलं तर बी प्यादं सी३ मारतं आणि पांढऱ्याला बी प्याद्यानं परत मारता येत नाही, कारण मग बी फाइल उघडून वजीरच जातो. म्हणून १६. वजीर डी१, बी घेतो सी३ १७. बी घेतो सी३ जी६. आता सी३ मागासलेलं, समोर अर्धी उघडी सी फाइल. पांढऱ्यानं हत्ती एफ३, हत्ती एच३ केलं, पण जी६ मुळे तिथे खायला काही नव्हतं. सरांचा घोडा ई७ ला, एक हत्ती सी८ ला, दुसरा बी२ ला घुसला. मुलानं वजीर राजाच्या बाजूला नेला तसं सी३ पडलं.

मधे एक क्षण असा होता जिथे सरांना वजीर बदलून सरळ एंडगेममध्ये जायचं की वजीर ठेवून ए२ च्या मागे लागायचं हे ठरवायचं होतं. त्यांनी बदलला. मी असतो तर ठेवला असता, पांढऱ्याचा राजाही काही फार सुरक्षित नव्हता, एफ४ नं पुढे जाऊन स्वतःचंच दार उघडं टाकलं होतं. पण त्यांचा विचारही कळतो, त्या बाजूला मार खाल्लेल्या माणसाला वजीर पटावरून गेला की हायसं वाटतं.

निकाल

ड्रॉ. एक प्यादं जास्त असलेला हत्तींचा एंडगेम, समोरच्यानं हत्ती मागून लावला, सरांचा हत्ती स्वतःच्याच प्याद्यापुढे अडकला आणि साठेक चालींनी हात मिळवले. सर थोडे नाराज, मी बिलकुल नाही.

त्याच स्पर्धेत शेवटच्या फेरीत परत एक्स्चेंज आलं. यावेळी पांढऱ्यानं घोडा ई५ ला टाकलाच नाही, एफ३ वरच ठेवून एकेक मोहरा बदलत बसला, त्याला बहुतेक ड्रॉच हवा होता. मग बी५, ए५, बी४ सगळं आरामात झालं, सी३ कमजोर पडलं आणि सर जिंकले. चालींचा क्रम तयारीपेक्षा वेगळा होता तरी त्यांना अडलं नाही, आणि माझ्या लेखी त्या ड्रॉपेक्षा हा पुरावा मोठा आहे.

एक बाजूचा परिणामही झाला जो अपेक्षित नव्हता. पांढऱ्याकडून क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंज खेळताना सर आता काळ्याच्या ई४ च्या घोड्याला आधी मान द्यायला लागलेत, कारण तोच घोडा त्यांनी उलट्या बाजूनं सोसलाय.

काय वेगळं करता आलं असतं

सांगाडा आधी आणि चाली नंतर, हा क्रम अगदी सुरुवातीला ठेवला असता तर हरलेल्या डावांतले काही वाचले असते. वहीत 'इक्वल' लिहायच्या ऐवजी दोन्ही बाजूंचं काम एकेका वाक्यात लिहिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. आता सरांच्या वहीत प्रत्येक लाइनच्या शेवटी चिन्हाऐवजी वाक्य असतं, आणि ते वाक्य मराठीत असतं, "सी३ वर जा, जी६ लक्षात ठेव" असं.

वजीर सी८ ची लाइन पूर्ण सोडून दिली ते मला अजूनही शंभर टक्के पटलेलं नाही. वजीर डी७ मध्ये काळा आपला उंट देतो आणि पांढऱ्याचा डी३ चा चांगला उंट तसाच राहतो. जी६ नं तो आंधळा होतो हे खरं, पण पांढरा एच४-एच५ करून ते जी६ उचकटायला गेला तर काम वाढतं. तगड्या, संयमी खेळाडूसमोर सी८ वाली लाइन जास्त पक्की ठरेल असं मला वाटतं. पण ती सरांच्या स्वभावाची नाही, आणि सोळाशेच्या पातळीवर स्वभावाला जास्त मार्क द्यावेत.

हत्तींच्या एंडगेमची तयारी या कामात धरलीच नव्हती. मायनॉरिटी अटॅक यशस्वी झाला तर बऱ्याचदा एक प्यादं मिळतं आणि मोहरे कमी होतात, म्हणजे तुम्ही हत्तींच्या एंडगेममध्येच उतरणार. ओपनिंगच्या तासातच हा भाग जोडायला हवा.

आणि एक उघडा प्रश्न राहिलाय. १४. बी५ नंतर पांढऱ्यानं घाई न करता १५. ए३ खेळलं तर? सरांच्या हाताला सवयीनं ए५ येतं, कारण पांढऱ्याकडून ते तसंच ए४-बी५ करतात. पण इथे ए प्यादं ए५ ला गेलं की ए६ चा सापळाच उरत नाही, उंट बी५ खाऊ शकतो आणि भांडण भलतीकडेच जातं. त्याऐवजी घोडा ए५ बरा, बी३ च्या वजिराला हटवून घोडा सरळ सी४ ला बसतो, बी५ चं प्यादं त्याला आधार देतं, आणि पांढऱ्यानं उंट देऊन तो मारला तर बी प्याद्यानं परत मारायचं की बी फाइल उघडून बी२ वर हत्ती लागतो. म्हणजे तिसऱ्या डावात जो घोडा कडेला जाऊन वाया गेला होता तीच चाल इथे सगळ्यात चांगली आहे. सध्या आम्ही एवढंच खेळतोय, एक डाव त्यांच्या बाजूनं, एक माझ्या, आणि पांढऱ्याकडून वजीर बी४ ला नेऊन वजिरांची मारामारी मागितली की काळ्यानं घोडा सी४ ला नेईपर्यंत बी५ कसं टिकतं, यावर अजून आमचं एकमत व्हायचंय.